घर दाखवणारी बाई

घर बघायला जाल तेव्हा भर दुपारी जा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. सकाळी कुठलंही घर गोडच दिसतं, आणि संध्याकाळी दिवे लावले की भिंतींची ओल लपते. दुपारी मात्र काही झाकता येत नाही. नळ सोडून बघा, कपाटं उघडून वास घ्या, शेजाऱ्यांशी दोन शब्द बोला. विकणाऱ्यांसाठी माझा नियम वेगळा आहे. गिऱ्हाईक आत असताना मालकाने बाहेर थांबायचं. मालक बरोबर फिरायला लागला की त्याच्या आठवणी सुरू होतात, इथे आमची मुलगी पहिलं पाऊल टाकायला शिकली, इथे अमकं, तिथे तमकं. मग घेणाऱ्याला आपला पलंग कुठे ठेवायचा तेच सुचेनासं होतं. मी स्वतःही दार उघडून देते आणि जिन्यात थांबते. इतकी वर्षं लोकांना घरं मिळवून देणारी ही बाई भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसू यायचं नाही.

शिंपीकाकांचं घर माझ्याकडे आलं ते त्यांच्या लेकीमुळे. ती दुसऱ्या शहरात राहते. काकू गेल्यापासून काका एकटेच होते. लेक म्हणाली, "मावशी, ते घर एकदाचं विकून टाका. बाबा तिथे भिंतींशी बोलत बसतात. त्यांना मला माझ्याकडे आणायचंय."

तिसऱ्या मजल्यावरचं घर. पुढच्या खोलीत कापड बेतायचं मोठं टेबल आणि पायाने चालवायचं शिवणयंत्र, मागे एक खोली, आणि गल्लीकडे खिडकी असलेलं स्वयंपाकघर. मी सवयीप्रमाणे सांगितलं, "काका, फोटो सगळे उतरवा. घेणाऱ्याला तिथे स्वतःची माणसं दिसली पाहिजेत." त्यांनी निमूटपणे काकूंचा फोटो उतरवला, नव्या कापडात गुंडाळला आणि लेकीकडे पाठवून दिला. भिंतीवर फिकट चौकोन राहिला, त्यावर मी कॅलेंडर लावलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नुकतं लग्न झालेलं जोडपं. काका आणि मी जिन्यात थांबलो. दोघं बराच वेळ आत होती. बाहेर आल्यावर ती मुलगी हसून म्हणाली, "घरातल्या बाई फार मोकळ्या हो तुमच्या. मागच्या खोलीत खिडकीखाली ओल येते, ती त्यांनीच दाखवली. एवढं खरं कोण सांगतं?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

"कुठे... कुठे होती ती?" काकांनी विचारलं.

"स्वयंपाकघरात."

मी आत जाऊन पाहून आले. कुणी नव्हतं. फक्त एक वास होता, ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरवल्यावर येतो तसा. काकांची इस्त्री तर टेबलाखाली थंडगार पडली होती.

बाहेर काका त्या मुलीला विचारत होते, "चष्मा होता का तिला?"

"होता बहुतेक."

"आवाज बारीक? जरा नाकातला?"

"हो... म्हणजे, असेल." मुलगी नवऱ्याकडे बघायला लागली. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, असा तिचा चेहरा झाला होता.

त्या दिवसापासून काका बदलले. गिऱ्हाईक येणार म्हटलं की सकाळीच दाढी करून, स्वच्छ कपडे घालून जिन्यात येऊन बसायचे. ज्याला त्याला ती बाई भेटायची. कुणाला तिने गल्लीतल्या गोंगाटाबद्दल सांगितलं, कुणाला खिडकीची कडी कशी ओढायची ते शिकवलं. बाहेर आलेल्या माणसाला काका बाजूला घ्यायचे आणि हळूच विचारायचे, काय बोलली, अंगावर काय होतं, दमलेली दिसली का. कुणी म्हणालं निळे कपडे होते, की काकांचे डोळे भरून यायचे. "निळं मीच शिवलं होतं," ते मला सांगायचे. कुणी राखाडी म्हणालं, तर राखाडीही त्यांनीच शिवलेलं असायचं. आणि भाव ठरायची वेळ आली की काहीतरी खुसपट काढून ते प्रत्येकाला परत पाठवायचे.

एकदा मी म्हटलं, "काका, लेकीकडून फोटो मागवून घ्या. दाखवू कुणाला तरी. सोक्षमोक्ष लागेल."

"नको," ते म्हणाले. का नको, ते मी विचारलं नाही.

शेवटी माझं डोकं फिरलं. "काका, घर विकायचंय की प्रदर्शन भरवायचंय?"

त्यांनी यंत्राच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाले, "ताई, मी दिवसरात्र या घरात असतो. हाका मारतो. मला ती एकदाही दिसली नाही. घर घ्यायला येणाऱ्यालाच दिसते. मग मलाही घ्यायलाच यावं लागेल ना?"

"आपलंच घर कसं घ्याल?"

"आधी विकून."

मी त्यांना वेड्यात काढायला हवं होतं. पण तसं झालं नाही. ज्या माणसासाठी आयुष्यभर कपडे बेतले, ते माणूस परक्या लोकांना दिसतं आणि आपल्याला नाही, हे दुःख मला फार मोठं वाटलं. खरं सांगते, त्यांना ती दिसावी असं मलाही मनापासून वाटत होतं.

घरं घेऊन पुन्हा विकणारा एक व्यापारी माझ्या ओळखीचा आहे. तो घर कधी आतून बघत नाही, नुसता पत्ता विचारतो. त्याला मी काकांचं घर दिलं. बयाणा झाला, सह्या झाल्या, काकांनी सामान लेकीकडे रवाना केलं आणि स्वतः एका मित्राच्या दुकानामागे मुक्काम टाकला. किल्ली पुन्हा विक्रीसाठी माझ्याकडेच आली.

थोड्याच दिवसांनी काका माझ्या ऑफिसात आले. आभाळ भरून आलं होतं, दुपार असून रस्त्यावर संध्याकाळसारखा उजेड होता. अंगात स्वतः शिवलेला कोरा शर्ट होता. समोरच्या खुर्चीत टेकले आणि परक्या माणसासारखे म्हणाले, "मला एक घर बघायचंय."

मी त्यांना घेऊन गेले. दार उघडलं, आणि जिन्यात थांबले.

आधी नुसती पावलं ऐकू आली. मग नळ सोडल्याचा आवाज, मग तो बंद झाल्याचा. मग काकांचा आवाज, अडखळता. आणि मग... एका बाईचा. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. बारीक नव्हता तो. जाडसर होता, निवांत, आपल्या घरात बसल्यासारखा. दाराच्या फटीतून इस्त्रीचा वास येत होता, आणि तो वाढत होता.

काका बाहेर आले तेव्हा रडत होते आणि हसतही होते. "ओळखलं नाही तिने मला. या, बसा, म्हणाली. सगळं घर दाखवलं, ओलसुद्धा दाखवली. मग विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, बायको होती. तर म्हणाली, मग एकटे कसे राहता?"

"काका... काकूच होत्या ना?"

त्यांनी डोळे पुसले. शिंपी माणूस, हाताने हवेतच माप घेतलं. "खांदा थोडा रुंद वाटला. उंचीसुद्धा जरा... पण माणूस बदलतं की, ताई. इतके दिवस एकटी राहिली बिचारी."

"काका, ऐका माझं..."

"मी म्हटलं, चल माझ्याबरोबर, लेकीकडे जाऊ. लगेच तयार झाली."

त्यांनी दार हाताने धरून ठेवलं होतं, मागून कुणी येत असल्यासारखं. मला कुणी दिसलं नाही. पण तो वास माझ्या अगदी जवळून गेला आणि जिना उतरत खाली गेला. काका भिंतीला घासून उतरत होते. कठड्याची बाजू त्यांनी मोकळी ठेवली होती.

त्यानंतर ते घर झटपट विकलं गेलं. नवी माणसं आत जाऊन आली आणि म्हणाली, "रिकामं आहे, बरंय." माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, काकांना त्यांचं माणूस मिळालं, मग ते कुणीही असो.

आणि परवा दिवेलागणीला लेकीचा फोन आला. अगदी दबक्या आवाजात बोलत होती.

"मावशी, बाबांबरोबर आल्यात त्या बाई कोण?"

मी होते तिथेच बसले. "तुला... दिसतात?"

"दिसतात म्हणजे? समोर बसल्यात. बाबा म्हणतात, आई आहे. किती खूश आहेत बाबा, पोटभर जेवतात, हसतात. मला काही बोलवत नाही. पण मावशी, आईला मी ओळखणार नाही का? ही आई नाही."

"करतात काय त्या?"

"काही नाही. खोल्याखोल्यांतून फिरतात. मुलांच्या खोलीत उभ्या राहतात, भिंतीवर हात फिरवतात. आज मला जवळ बोलावलं आणि गोड आवाजात विचारलं..."

ती थांबली. तिच्या मागे कुणीतरी आल्याचं मला फोनमधूनही कळलं. तोच जाडसर, निवांत आवाज म्हणाला, "मग, घर कधी रिकामं करताय तुम्ही?"

उत्तर शिंपीकाकांनीच दिलं. इतक्या प्रेमाने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"महिनाअखेरीला करतील हो. तू नको काळजी करूस."