वर्तुळात शिरलेला लाल तारा

कॉफीच्या यंत्रापाशी आमची टक्कर झाली आणि त्याची अर्धी कॉफी माझ्या स्वेटरवर सांडली.

"अरेरे! तुम्ही गेझिना ना? मी क्विरिन. तुमचा तारा तपासायचं काम माझ्याकडे आलंय."

माझा तारा! कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांत दिसलेला एक ठिपका. त्याची खरी जागा ज्या इवल्याशा वर्तुळात असणार, तिथे साध्या प्रकाशात काहीच दिसलं नाही, तर तो जवळजवळ नक्की एकटा न्यूट्रॉन तारा – मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. असे फार थोडे सापडलेत. पण गार्खिंगच्या आमच्या संशोधन संस्थेत रीत आहे – वर्तुळ रिकामं आहे हे शोधणाऱ्याने म्हणायचं नाही, दुसऱ्याने म्हणायचं.

तीन आठवडे आम्ही शेजारी बसून चित्रं पडताळली. त्याची नजर पडद्यावर... आणि मधूनच माझ्यावर. रोज पावणेचारला मी उठायचे. "बैठक आहे." माझ्या चार वर्षांच्या लेकीला, थेआला, बालवाडीतून आणायचंय, हे काही ओठांवर येईना. मागे एकाला सांगितलं होतं, तर त्याचे फोनच थांबले.

आज तो हळूच म्हणाला, "रागावू नकोस हं. जुन्या यादीतल्या ताऱ्यांच्या जागा तू तशाच घेतल्यास. हा लाल तारा वीस वर्षांत सरकलाय – थेट तुझ्या वर्तुळात. क्ष-किरण बहुधा त्याचेच."

"ही चूक? मी?"

"मी तर एकदा हीच चूक छापायला पाठवली होती."

मला हसू फुटलं... आणि घड्याळ दिसलं. साडेचार! तेवढ्यात फोन वाजला. बालवाडीच्या बाईंचा खणखणीत आवाज त्यालाही ऐकू गेला – "कंदिलांची मिरवणूक निघतेय, थेआ दारात रडतेय!"

"बैठक?" त्याने विचारलं.

"माझी... मुलगी."

त्याने जाकीट चढवलं.

"चल. सायकलने दहा मिनिटं. तरीच म्हटलं, कुठल्या बैठकीत बाहीवर डायनोसॉरचं स्टिकर लावून देतात!"

मिरवणुकीत थेआने त्याला निरखलं. "तू कोण?"

"तुझ्या आईच्या चुका शोधणारा."

"खूप सापडल्या?"

"दोन. एक ताऱ्याची. दुसरी – तिला वाटलं, मी पळून जाईन."

थेआने क्षणभर विचार केला आणि कंदील त्याच्याकडे दिला. "हा धर. मला आईचा हात हवाय."

माझा दुसरा हात मी त्याच्या हातात दिला... आणि पुढच्या मुलांचं गाणं आमच्या रांगेपर्यंत आलं.