उलटी पाचर

चंद्राच्या पाठीवर माणूस एकटा उरला, की एक तर भिंतीशी बोलतो, नाही तर गाडी बांधतो. दस्तगीर मुजावर दोन्ही करत होता आणि दोन्हींत त्याचा हात धरणारा त्या गोलार्धात दुसरा कोणी नव्हता. गोलार्धात दुसरा कोणी नव्हताच, हा भाग वेगळा.

चंद्राची ही बाजू पृथ्वीला कधी दिसत नाही आणि या बाजूला पृथ्वी दिसत नाही. म्हणूनच वेधशाळा इथे होती. विश्वाच्या बालपणातले क्षीण रेडिओतरंग टिपायचे, तर माणसांची बडबड आड यायला नको. वेधांचा हंगाम लागला की रेडिओमौन सुरू होई. संदेशवाहक उपग्रह गप्प, यंत्रमानव गप्प, विजेची वाहनं जागच्या जागी. एवढ्या मोठ्या कानाशी डास गुणगुणलेला चालत नाही. राखणीला एकच माणूस ठेवत. या खेपेला तो दस्तगीर होता, स्थानकाचा चाकं-धुऱ्यांचा अभियंता.

आणि जमिनीखाली, शिशाच्या भिंतींआड, स्थानकाचा गणकमेंदू. सरकारी नाव लांबलचक होतं. दस्तगीर त्याला मावशी म्हणे, कारण बोलण्याची सुरुवात ते एकाच प्रश्नाने करी.

"जेवलात का, मुजावर?"

"पुढचा धुरा बसवतोय."

"तो जेवणाला पर्याय नाही. आणि या गाडीचं प्रयोजन अजून माझ्या नोंदीत नाही."

"तिला हॉट रॉड म्हणतात, मावशी. भंगारातून हातानं जुळवलेली. अंगावर पत्रा नाही, पण पळायला पाठीला पाय."

"चंद्रावर कुणाशी शर्यत?"

दस्तगीरने पाना खाली ठेवला. "शुक्रवारी भाईच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्रच काढणार. हंगाम संपेपर्यंत मला त्याचा आवाज ऐकता यायचा नाही, आणि नंतर ऐकायला आवाजच उरायचा नाही. म्हणून गुरुवारी मी चंद्रकडेला जाणार. तिथून पृथ्वी दिसते. नगरकडचा एक हौशी रेडिओ-तबकडीवाला कान लावून बसणार आहे, हंगामाआधीच ठरवलंय; तो दवाखान्यात फोन जोडून देईल."

मावशीने चंद्रकडेच्या डोंगरकड्याचा नकाशा तपासला.

"कड्याच्या पलीकडे उतरून बोललात, तर माझ्या तबकड्यांना ऐकू येणार नाही. पण गाडीत एकही ठिणगी नको."

"नाहीच. टाक्यांतल्या दाबलेल्या नायट्रोजनवर दट्ट्या चालतो. झडप उलटी फिरवली की मागे, सुलटी फिरवली की पुढे. सुकाणूसुद्धा निव्वळ लोखंडाचं."

"मग या जाड हातमोज्यांनी ते इतका वेळ धरणार कसं? बोटं बधिर होतील."

"धरणारच नाही. गाडी आपली आपण सरळ जाईल. मागझुकाव देतोय."

मागझुकाव म्हणजे काय, हे मावशीला ठाऊक होतं. पण एकट्या माणसाला बोलतं ठेवणं हेही तिच्या कामात लिहिलेलं होतं. "समजावून सांगा," ती म्हणाली.

"दवाखान्यातलं स्ट्रेचर आठव. पुढचं चाक ज्या खुंटीवर फिरतं, ती खुंटी पुढे असते आणि चाक तिच्या जरा मागे टेकतं. स्ट्रेचर ढकललं की चाक खुंटीमागे ओढलं जातं. वाकडं झालं तरी जमीनच त्याला सरळ करते. गाडीतही तेच. खुंटीचं डोकं मागे झुकवलं, की तिची रेघ जमिनीला पुढे भिडते आणि चाक मागे टेकतं. मधल्या अंतराला आम्ही ओढ म्हणतो. ओढ असली की हात सोडला तरी चाक सरळ."

"इथे वजन सहावा हिस्सा. जमीन चाकाला सरळ करणार, तीही सहाव्या हिश्श्याच्या जोराने. सांध्यांचं घर्षण मात्र पृथ्वीवरच्याइतकंच."

"म्हणून ओढ भरपूर ठेवलीय. पाट्याची स्प्रिंग आणि धुरा यांच्यात पाचर घातलीय, जाड टोक मागे. कोल्हापुरात कुणी एवढी जाड पाचर बघितली असती, तर दाराला लावायची म्हणून मागून नेली असती."

"आणि स्ट्रेचर मागे ओढलं तर?" मावशीने विचारलं.

"तर चाक गर्रकन फिरतं. पण मागे कोण जातंय? जाईन, वळेन, येईन."

पाचर म्हटलं की दस्तगीरला भाई आठवे. बाबालाल मुजावर, त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी थोरला भाऊ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोघांनी मिळून जुन्या जीपच्या धुऱ्यावर पहिली गाडी बांधली, तेव्हा भाईने पाचरी उलट्या बसवल्या. जाड टोक पुढे. गाडी पुढे घातली की दारू प्याल्यागत झुलायची. अख्खी गल्ली हसली. भाई हसला नाही. त्याने रिव्हर्स टाकला, हात डोक्यामागे घेतले आणि उद्यमनगरापासून रंकाळ्यापर्यंत गाडी उलटी नेली, दोरी धरल्यासारखी सरळ. वाटेत एका हवालदाराने गाडी पुढे चाललीय असं समजून स्वतःच तोंड फिरवलं, असं भाई सांगे. तेव्हापासून गल्लीत आडमुठ्या माणसाला 'उलटी पाचर' म्हणू लागले. भाईने मात्र कधी कबूल केलं नाही. "चूक न्हवं ती," तो म्हणे, "सोय हाय."

गुरुवारी दस्तगीर निघाला. गाडीने शब्द पाळला. राखाडी मैदानावर त्याने सुकाणू सोडलं, हात मांडीवर ठेवले आणि चाकं नाकासमोर चालत राहिली. मागे धुळीत दोन चाकोऱ्या उमटत होत्या. इथे वारा नाही. त्या चाकोऱ्या त्याच्या नातवंडांच्या नातवंडांनाही दिसल्या असत्या, नातवंडं असती तर.

शेवटचा पल्ला यंत्रमानवांनी कड्याच्या पोटात कोरलेल्या वाटेचा होता. एका बाजूला उभी भिंत, दुसऱ्या बाजूला काळोख. ती वाट कड्याच्या टोकाशी तुटली आणि समोर अख्खी पृथ्वी होती. क्षितिजाला चिकटलेली, निळी, एखाद्याने खिडकीत दिवा ठेवून घरात निघून जावं तशी.

दस्तगीर बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. मग त्याने वाटेकडे पाहिलं.

वळायला जागा नव्हती. यंत्रमानवांना पुढचं-मागचं तोंडच नसतं. आले तसे ते जातात, मग वळणासाठी जागा कोरायची कुणाला सुचणार? गाडीच्या लांबीहून वाट अरुंद होती. उचलून फिरवावी, तर एक टोक भिंतीला अडे आणि दुसरं काळोखावर लटके. चालत परतण्याएवढा प्राणवायू नव्हता. त्याने झडप उलटी फिरवून पाहिली. हातभर मागे जाताच चाक गर्रकन फिरलं, सुकाणू हातातून हिसकलं आणि गाडी काठाशी तिरकी झाली. त्याने तिला पुन्हा पुढे घेऊन सरळ केलं.

त्याने रेडिओ लावला. खरखर आली, तबकडीवाल्याचा "घ्या, जोडला" आला आणि मग एक घोगरा, फाटका, जगात एकच असलेला आवाज आला.

"दस्त्या. जेवलास का?"

"तूही मावशीसारखंच सुरू केलंस, भाई."

शब्द पृथ्वीवर जाऊन उत्तर यायला अडीच-तीन सेकंद लागत.

"कोण मावशी? लग्नबिग्न केलंस काय तिथं?"

दस्तगीर हसला. मग भाई दवाखान्याबद्दल बोलला. नर्स मिरजेची आहे, डॉक्टर पोरसवदा आहे, उद्यापासून पाटीवर लिहून भांडावं लागणार. "लिहून शिव्या द्यायला लई येळ लागतो रं. आजच सगळ्या दिऊन टाकतो."

"दे की."

"गाडी कशी हाय?"

दस्तगीर गप्प राहिला. मग म्हणाला, "झकास."

"थांबलास का?"

"अंतर आहे, भाई. आवाज यायला वेळ लागतो."

"त्यो थांबा येगळा, ह्यो येगळा. काय झालंय?"

दस्तगीरने सांगितलं. भिंत, काळोख, पाचर, गर्रकन फिरणारं चाक. सांगून झाल्यावर त्याने पृथ्वीकडे पाहिलं. आपले शब्द त्या निळ्या ठिपक्यात शिरत असतील, मिरजेच्या नर्सजवळून जात असतील.

आधी भाई खोकला. मग हसला. उद्या जाणार असलेल्या गळ्याने तो मनसोक्त हसला.

"लेका, एवढं शिकलास. रंकाळा इसरलास?"

"भाई..."

"जाड टोक म्होरं कर. उलटी पाचर घाल, दस्त्या. उलटी..."

तबकडी फिरली असावी, नाही तर भाईला खोकला आला असावा. पुढे नुसती खरखर होती. दस्तगीरने बराच वेळ तीही ऐकली.

मग तो कामाला लागला. कोल्हापुरात यासाठी जॅक लागला असता. इथे त्याने बोल्ट सैल केले, खांदा लावून गाडीचं तोंड उचललं, दोन्ही पाचरी ओढून काढल्या आणि टोकं बदलून ठोकल्या. खुंटी आता पुढे झुकली. मागे जाताना चाक खुंटीमागेच टेकणार होतं. ओढ तीच, फक्त तिने तोंड फिरवलं होतं.

तो आसनावर बसला, झडप उलटी फिरवली आणि सुकाणू सोडून दिलं. गाडी मागे निघाली. चाकं आपल्याच जुन्या चाकोरीत बसली आणि सुतासारखी सरळ मागे सरकू लागली. एका बाजूला काळोख होता, पण तिकडे बघायचं कारण नव्हतं. समोर पृथ्वी होती.

वाट संपून मैदान लागलं. इथे गाडी वळवता आली असती. पुन्हा पाचरी सुलट्या करून, तोंड स्थानकाकडे करून, रीतसर. दस्तगीरने झडपेला हात लावला नाही. मुजावरांच्या घरात दर्ग्यातून बाहेर पडताना पाठ फिरवत नाहीत. मजारीकडे तोंड ठेवून, एकेक पाऊल मागे सरत उंबरा ओलांडतात. पोरवयात भाईनेच त्याला ते हात धरून शिकवलं होतं.

तो तसाच मागे मागे येत राहिला. पृथ्वी क्षितिजात थोडी थोडी बुडत गेली. आधी अर्धी, मग नखाएवढी, मग नुसती निळी कडा. मग ती कडाही गेली आणि समोर फक्त दोन चाकोऱ्या उरल्या.

स्थानकाच्या हवाबंद दारात मावशी जागीच होती. "मुजावर, तुम्ही उलटे आलात. पाचरीसुद्धा उलट्या दिसतात. काही चूक झाली का?"

दस्तगीरने शिरस्त्राण काढलं. आवाज निघाला तो घोगरा, फाटका, नेहमीचा नव्हेच.

"चूक न्हवं ती, मावशी," तो म्हणाला. "सोय हाय."