भिंतीकडची चौथी स्क्रीन

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी टेबल पुसतो. आधी डावी स्क्रीन, मग मधली, मग उजवी. शेवटी कीबोर्ड उलटा करून हलकेच झटकतो. त्यातून बिस्किटाचा एखादा कण पडतोच, आणि बायको रोज तेच विचारते, "अहो, काम करता की मुंग्या पाळता?" साडेसातला चहा येतो. सात पस्तीसला मी पहिलं पान उघडतो.

मी मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापलं जाण्यापूर्वी त्यातल्या चुका शोधायच्या, हा माझा एकोणीस वर्षांचा व्यवसाय. या काळात शेकडो लेखकांची नावं मी अचूक करून दिली; माझं स्वतःचं नाव मात्र कुठल्याही पुस्तकात आलं नाही. परिचारिकांच्या पाठ्यपुस्तकाचं काम सोपवताना संपादकबाई प्रथमच म्हणाल्या, "यात औषधांच्या मात्रा आहेत. एकही चूक निसटली नाही, तर श्रेयपानावर तुमचं नाव घालू." मी घरी ते सांगितलं, आणि कुठल्या नातेवाइकाला प्रत द्यायची व कुठल्याला नुसती दाखवायची, हे बायकोनं त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं.

मूळ हस्तलिखित, छपाईचं पान आणि औषधकोश ही तिन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर हवी होती. माझा संगणक दोनच स्क्रीन चालवत असे. म्हणून संगणकदुरुस्ती करणाऱ्या मेहुण्याला बोलावलं.

"भाऊजी, गेम खेळणार का?" त्यानं संगणकाच्या डब्याचं झाकण काढत विचारलं.

"मी अनुस्वार शोधतो."

"मग महागडं ग्राफिक्स कार्ड कशाला? अक्षरं काही पळत नाहीत. स्क्रीनसाठी जोडण्या किती आहेत ते बघायचं, आणि तुमच्या या म्हाताऱ्या डब्याला झेपेल एवढीच वीज खाणारं घ्यायचं."

एका बंद पडलेल्या कार्यालयातून आलेलं, वापरलेलं कार्ड त्यानं बसवलं. पंखा नव्हता, त्यामुळे आवाज नव्हता. जोडण्या चार होत्या. तीन वापरल्या, चौथीत धूळ जाऊ नये म्हणून त्यानं रबरी बूच बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्क्रीनचा क्रम लावायला गेलो, तर संगणकानं चार चौकोन दाखवले. चौथा उजव्या स्क्रीनच्याही पलीकडे होता. तिथे आमची पिवळसर भिंत आहे. तिच्यात एक रिकामा खिळा आहे. भिंतीपलीकडे काही नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

मी फोन केला.

"केबल तीनच आहेत ना? मग कार्डाचा गैरसमज झाला असेल," मेहुणा म्हणाला. "बंद करा चौथी."

"केली. पुन्हा आली."

"भाऊजी, स्वस्तात एक स्क्रीन जास्त मिळाली, तर तक्रार कसली करता?"

त्याचं म्हणणं तर्काला धरून नव्हतं. मी कामाला लागलो. माउसचा बाण कधी चुकून उजव्या कडेपलीकडे जाई. मी तो परत ओढत असे. तो येई, पण किंचित उशिरा. कोणीतरी धरून मग सोडल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी दोनशे बाराव्या पानाचं तसंच झालं. ते निसटून भिंतीत गेलं. मी चहा संपवला आणि पान परत ओढून आणलं. एका मात्रेपुढे तांबडी खूण होती. पाच मिलीग्रॅम असं छापलं होतं. समासात 'शून्य पूर्णांक पाच दशांश' अशी दुरुस्ती होती. पेन दाबून लिहिणाऱ्या माणसाचं तिरपं अक्षर. खाली संगणक मला विचारत होता: मान्य की अमान्य.

मी औषधकोश पाहिला. दुरुस्ती बरोबर होती. ते पान मी दोनदा वाचलेलं होतं.

त्यानंतर प्रत्येक पान मी उजवीकडे सरकवू लागलो. हे सांगताना मला संकोच वाटतो, परंतु चुकीची मात्रा कुणाच्या तरी शिरेत जाणार होती. एकतीस खुणा आल्या. एकतीसही बरोबर निघाल्या, आणि त्यातली एक तर मी केलेल्या दुरुस्तीवरच होती. बायकोला हे दाखवलं. दुरुस्त्या प्रकाशनातून येतात, असा तिचा समज झाला आणि मी तो मोडला नाही.

"शेवटी तुमच्याही चुका काढणारं कोणी भेटलं," ती म्हणाली. "मी एकटी किती पुरणार?"

काल सकाळी श्रेयपान आलं. संपादकबाईंनी शब्द पाळला होता. 'मुद्रितशोधन' या शब्दापुढे माझं नाव होतं, वेलांट्यांसकट अचूक. मी ते बराच वेळ पाहत बसलो. मग सवयीनं पान उजवीकडे सरकवलं.

चहा निम्मा झाला तोच पान परत आलं.

एकच खूण होती. माझ्या नावाआधी शब्द घालण्यासाठीचं हंसपद काढलं होतं, आणि समासात लिहिलं होतं: 'कै.'

मान्य की अमान्य.

पाठ्यपुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे मी मनगटावर तीन बोटं ठेवून स्वतःची नाडी मोजली. बहात्तर. त्या प्रकरणात चूक असण्याचा संभव नव्हता. ते आम्ही दोघांनी तपासलं होतं.

आमच्या व्यवसायात एक साधा नियम आहे: ज्याची खात्री होत नाही, तो मजकूर गाळावा. मी ती ओळ गाळली. पान पुन्हा सरकवलं.

या वेळी ते लगेच आलं. रिकाम्या जागेखाली टिंबांची रेघ होती. समासात 'तसेच ठेवा'. खोडलेला मजकूर परत घ्यावा, असं सांगणारी आमची जुनी खूण.

मी अमान्य दाबलं. एवढ्या पुस्तकात पहिल्यांदाच. नावाशिवायचं ते पान मी संपादकबाईंना पाठवून दिलं आणि कप विसळायला आत गेलो.

"नाव आलं का हो?" बायकोनं विचारलं.

"पुढच्या आवृत्तीत येईल," मी म्हणालो.

कप विसळता विसळता मी ते वाक्य मनात दोनदा तपासलं. त्यात चूक नव्हती.