मागच्या भिंतीतलं पाणी

हे कुणा तिऱ्हाइताकडून ऐकलेलं नाही. मनाली माझी सख्खी मावसबहीण. तिच्याच घरात घडलं. पेणला, रामवाडीत, गेल्या मार्गशीर्षात.

आणि भर दुपारी.

मनाली आणि तिच्या नवऱ्याने, सुजयने, तिथे एक जुनं बैठं घर घेतलं होतं. सुजय रोह्याजवळ धाटावला कंपनीत. घर घेताना त्यांनी घाई केली नाही. भाविका नावाच्या इंजिनियर बाईंकडून तपासून घेतलं. स्लॅब, वायरिंग, ओल, सगळं बघून त्या म्हणाल्या, "घर ठीक आहे. पण मला दिसतं तेवढंच मी सांगणार. प्लास्टरच्या आतलं फोडल्याशिवाय कळत नाही, आणि विकणारा काही फोडू देत नाही."

विकणारे पुंडलिककाका तिथेच उभे होते.

त्यांनी मान डोलावली.

राहायला आल्यावर मनालीच्या लक्षात सगळ्यात आधी आल्या त्या पाली. घरभर पाली. मधल्या खोलीच्या मागच्या भिंतीवर मात्र...

एकही नाही.

मग एक दिवस सुजय रात्रपाळी करून झोपला होता. मनाली बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती. इतक्यात...

पाण्याचा आवाज.

बादलीत नळ सोडल्यासारखा. मागच्या भिंतीतून.

तिने मागे जाऊन पाहिलं. नुसतं गवत. टाकीचा कॉक बंद केला.

पाणी पडतच होतं.

मग रोजच दुपारी. आत कुठेतरी पाइप फुटला असणार, म्हणून तिने मोतीराम गवंड्याला बोलावलं. त्याने प्लास्टर उडवलं आणि मागे सरला.

"ताई, हितं दार व्हतं. विटांनी बुजवलंय."

"आणि पाइप?"

"पाइप नाय. ओलही नाय. विटा कोरड्या ठाक हायत."

आवाज तेव्हाही चालू होता. मोतीरामने सामान उचललं. पुन्हा आला नाही.

मनाली दुसऱ्या दिवशी एकटीच रोह्याला गेली. तिथे पुंडलिककाका लेकीकडे राहत होते. ओसरीवर बसले होते.

"काका, त्या दारामागे काय होतं?"



"न्हाणी व्हती. पावसात खचली. बायको आत आंघोळ करत व्हती माझी, तिथंच गेली. नंतर पडकी न्हाणी काढून टाकली नि दार बुजवलं."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"तुमच्या बाईनं भिंत तपासली. भिंत चांगलीच हाय. बायकोबद्दल कुणी इचारलंच नाय."

मनालीला राग आवरेना. ती उठली. तेवढ्यात काकांनी हळूच विचारलं...

"बादली भरली काय गो?"

"नाही. पाणी पडतंच असतं."

"मंग ठीक हाय. भरली, की ती हाक मारील."

मनाली मिळेल त्या गाडीने परत निघाली. घरी पोचली तेव्हा सुजय झोपलेला होता. पाणी पडत होतं. ती मधल्या खोलीच्या दारातच थांबली.

आणि पाणी...

थांबलं.

एवढी शांतता त्या घरात तिने कधी अनुभवली नव्हती.

मग विटांमागून बाईचा आवाज आला. अगदी साधा. रोजचा.

"अहो... टॉवेल द्या ना."



झोपलेला सुजय म्हणाला, "आलो."

तो उठला. डोळे मिटलेलेच. दोरीवरचा टॉवेल घेतला आणि भिंतीकडे चालू लागला. टॉवेलचं टोक विटांना टेकलं, तेवढ्यात मनालीने त्याला मागे खेचलं.

टॉवेल तिच्या हातात आला. कोरडा.

फक्त एक टोक ओलं. पिळलेलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी घराला कुलूप लावलं. आता रोह्यात भाड्याने राहतात. सुजयला त्यातलं काहीच आठवत नाही.

तो दुपारी झोपला, की मनाली उशाशी बसून राहते. झोपेत तो मधूनच "आलो" म्हणतो.

तिने हाक मारलेली नसते.