नकाशावरचे परके टाके

नकाशाबाईंच्या टेबलावर चहाचे कप होते. आलेल्या बाईंनी ते स्वतःच बाजूला सारले आणि पिशवीतून एक कापड काढून अंथरलं.

"कुणीतरी माझा रस्ता उसवलाय," त्या म्हणाल्या.

जावईबापूंनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. सासूबाईंकडे लोक हरवलेले दागिने घेऊन येत, म्हणजे हरवल्याची तक्रार घेऊन येत. पळालेले भागीदार, निनावी फोन, सगळं येऊन गेलं होतं. उसवलेला रस्ता मात्र पहिलाच.

नकाशाबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. मुलांनी ठेवलेलं नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं, आणि रस्ता चुकलेल्या गोष्टी शोधून काढायची सवयही. जगातले घाट त्यांना तोंडपाठ होते, पण गाडीच्या चाकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. म्हणून विमा कंपनीत नोकरी करणारे जावईबापू सुट्टीच्या दिवशी त्यांचे सारथी होत. सासूबाईंचा मान म्हणून, असं ते सांगत. खरं म्हणजे त्यांना मजा वाटे.

"सावकाश सांगा," नकाशाबाई म्हणाल्या.

बाई शिवणाचा क्लास चालवत होत्या. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली, तेव्हा त्या गाडी शिकल्या. आता नवऱ्याला शेजारी बसवून पहिल्या सफरीला निघायचं होतं: नदीकाठची गावं, जुना दगडी पूल, मग घाट चढून पठारावरचा किल्ला. सगळा बेत त्यांचा एकटीचा होता. छापील नकाशावर त्यांचा जीव जडेना, म्हणून त्यांनी तो कापडावर भरला. निळ्या दोऱ्यानं नदी, हिरव्यानं डोंगर, लाल दोऱ्यानं आपला रस्ता. मुक्कामाच्या जागी एकेक मणी.

"हे बघा. पुलापासून घाट सुरू होत होता, अख्ख्या डोंगराच्या एकाच अंगाला बिलगून सरळ वर जाणारा. तो उसवलाय. सुईची भोकं दिसताहेत. आणि त्याऐवजी हा दुसराच रस्ता घातलाय. डोंगराला मागून वळसा घालून किल्ल्यावर जाणारा."

"दोरा?"

"माझाच. टोपलीतलं लाल रीळ."

"निघायचं कधी?"

"उद्या सकाळी." त्या थांबल्या. "पण आता मी निघणार नाही. म्हणजे कुणी केलं ते कळेपर्यंत तरी नाही. घरातल्याच कुणाला तरी वाटतंय की ही बाई घाटात गाडी दरीत घालणार. तोंडावर सगळे शाबासकी देतात आणि पाठीमागे माझा रस्ता कापतात. असं असेल तर चावी परत देते आणि मशीनवर बसते. पाय तिथंही मारता येतो."

नकाशाबाईंनी कापड उलटं केलं. मागच्या बाजूला शिवणवाल्या बाईंचे टाके एका ओळीत वाहत होते, सुरुवातीला एक गाठ, शेवटी एक. नव्या रस्त्याची पाठ वेगळी होती. तिथं गाठीच गाठी. प्रत्येक टाका स्वतंत्र, प्रत्येकाला आपली गाठ, आणि प्रत्येक गाठीपाशी दोऱ्याची दोन छोटी टोकं सारख्या मापाची सोडलेली.

"अगदीच अडाणी हात," जावईबापू म्हणाले. "एकसलग शिवताच येत नाही बिचाऱ्याला."

"वाटतं खरं तसं," नकाशाबाई म्हणाल्या. मग पाहुणीला विचारलं, "उसवलेला दोरा कुठं सापडला? जमिनीवर?"

"नाही हो. टेबलावर एका बशीत. सगळे तुकडे नीट गोळा करून ठेवलेले. त्याचंच नवल वाटलं मला. माझ्या पोरींना वर्षभर सांगते, दोरे खाली टाकू नका, तरी क्लासमध्ये गालिचा होतो."

काल संध्याकाळी त्या खालच्या मजल्यावर क्लास घेत होत्या. कापड वर, चौथ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर होतं. तेव्हा घरात नवरा होता, नणंद होती, आणि गाडी शिकवणारे मास्तर चाकांची हवा तपासून चावी द्यायला येऊन गेले होते.

"चला जावईबापू," नकाशाबाई उठल्या. "आणि ते बिस्किट खाऊन टाका. मघापासून तुमची नजर तिथंच अडकलीय."

गाडी शिकवणारे मास्तर वाटेतच भेटले. एका घाबरलेल्या मुलाला ते रिकाम्या मैदानात गोल गोल फिरवत होते. "क्लच, क्लच," ते खिडकीतून ओरडत, म्हणून साऱ्या गावाचे ते क्लचमास्तर.

"बाईंनी पहिल्याच फेरीत घाट घेऊ नये, असं तुम्ही म्हणालात?"

"म्हणालो की. समोरासमोर म्हणालो. त्यांच्या यजमानांपुढेही म्हणालो. त्यांनी काय केलं? मला चढावर नेलं, मधेच गाडी थांबवली, हँडब्रेक सोडला आणि पुन्हा चढवली. गाडी तसूभर मागे सरकली नाही. मग मी म्हणालो, बाई, घाट तुमचा. मला तोंड दिलंय देवानं, मी कशाला सुया टोचत बसू?"

"डोंगरामागचा रस्ता कसा आहे?"

"कोणता डोंगर? माझा कारभार या मैदानापासून त्या चौकापर्यंत. शहराबाहेर मी शिकवत नाही. ए, क्लच!"

शिवणवाल्या बाईंच्या घरी नणंदबाईंनी त्यांना गॅलरीत बसवलं. छान वारा होता. कठड्यावर कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या, आणि खाली रस्त्यावरची माणसं बाहुल्यांएवढी दिसत होती.

"मला विचाराल तर ही सफरच नको," नणंदबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "वहिनी जाणार, दादा जाणार, आणि मी राखण करणार. कुंड्यांना पाणी मी, कुत्र्याला फिरवणं मी. कुंड्यांचं म्हणाल तर रोज मीच घालते म्हणा. दादा घरात असला तरी कधी इकडे फिरकत नाही."

"तुम्हाला भरतकाम येतं?"

"वहिनीला कुणी शिकवलं असेल?" त्यांनी कापड हातात घेतलं, उलटं केलं आणि नाक मुरडलं. "हे मी केलं म्हणता? मी केलं असतं ना, तर तिला आज काय, किल्ल्यावर पोचेपर्यंत कळलं नसतं. आणि मी रस्ता कशाला बदलू? मी तो पुलावरच संपवला असता. पुलावरून घरी परत."

एवढ्यात डॉक्टर चहा घेऊन आले. शिवणवाल्या बाईंचे यजमान गुरांचे डॉक्टर होते. आडदांड देह, रुंद हात, आवाज असा की बैलानंही ऐकावं. ते गॅलरीच्या उंबऱ्याशी ट्रे घेऊन उभे राहिले आणि उभेच राहिले. जावईबापूंची बोलण्यात तंद्री लागली होती. अखेर त्यांना जाणवलं, ते उठले आणि ट्रे घेऊन आले. तोवर चहा निवला होता. जावईबापूंनी मनातल्या मनात यजमानांच्या पाहुणचाराला कमी गुण दिले.

मग नकाशाबाई आत गेल्या.

"मी आणि शिवण?" डॉक्टर मोठ्यानं हसले. "शर्टाचं बटण तुटलं तरी हिच्यापुढे उभा राहतो. सुईदोरा हा हिचा प्रांत. उद्या निघायचं बघा तुम्ही, हिला समजवा. किल्ला फार सुंदर आहे. त्याच्या पायथ्याच्या गावात माझी वर्षानुवर्षं फेरी असते."

"लांब आहे?"

"आहे थोडं. सकाळी निघालो की जेवणवेळेला पोचतो."

"भलतंच," शिवणवाल्या बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "नकाशावर मोजलंय मी. घाटानं गेलं तर सकाळचा दुसरा चहा तिथं होतो."

"जीप जुनी आहे माझी," डॉक्टर म्हणाले आणि कुत्र्याला हाक मारत उठून गेले.

नकाशाबाईंनी छापील नकाशा मागवला. डोंगरामागे त्यात रस्ताच नव्हता, नुसता हिरवा रंग. मग त्यांनी पठारावरच्या मुक्कामाच्या जागी फोन लावला.

"मागून? आहे ना बाई," तिकडचा व्यवस्थापक म्हणाला. "कच्चा आहे, पण गाडी येते. दूधवाले येतात, गुरं नेणारे टेम्पो येतात. बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतो."

नकाशाबाईंनी फोन ठेवला. "जावईबापू, सगळ्यांना टेबलापाशी बोलवा."

"कळलं तुम्हाला, आई? मला तर क्लचमास्तर वाटतात. फार बोलतात."

"फार बोलणाऱ्याला लपून काही करायला वेळ नसतो. बोलवा."

सगळे बसले. कापड मधोमध, उलट्या बाजूनं अंथरलेलं. नकाशाबाईंनी वर्गात पाहावं तसं एकेका चेहऱ्याकडे पाहिलं.

"आधी हा रस्ता कुठं जातो ते पाहू. किल्ल्यावरच जातो. म्हणजे ज्यानं तो घातला, त्याला सफर मोडायची नव्हती. नणंदबाईंना मोडायची होती, त्यांनीच सांगितलं. त्यांचं काम हे नव्हे, आणि त्यांचा हातही हा नव्हे."

"ऐकलंस वहिनी?" नणंदबाई म्हणाल्या.

"दुसरं, हा रस्ता छापलेला नाही, पण खरा आहे. त्यावरून जो गेलाय त्यालाच तो ठाऊक. क्लचमास्तर चौकापलीकडे जात नाहीत. त्या रस्त्यावर जातात दूधवाले आणि गुरांचे टेम्पो. आणि जिथं गुरं जातात तिथं आणखी कोण जातं, जावईबापू?"

जावईबापूंनी डॉक्टरांकडे पाहिलं आणि घाईनं टेबलाकडे पाहू लागले.

"आता हे टाके. तुम्ही याला अडाणी हात म्हणालात. पण अडाणी हाताचे टाके लहानमोठे पडतात. हे बघा, सगळ्यांत अंतर एकच. प्रत्येक टाका वेगळा, प्रत्येकाला गाठ. म्हणजे एक तुटला तरी बाकीचे धरून राहावेत. आणि गाठीपाशी टोकं सोडलीत. कापडावर कुणी टोकं सोडत नाही, कापून टाकतं. टोकं कधी सोडतात? टाका पुढे चिमट्यात धरून काढायचा असतो तेव्हा. जुने धागेही असेच एकेक कापून, उचलून, बशीत गोळा केलेले. हे शिवणारे हात कापड शिवत नाहीत. ते जखम शिवतात."

शिवणवाल्या बाई हळूच नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे तुम्ही. तुम्हालाच वाटतं मी गाडी दरीत घालीन."

डॉक्टरांचा एवढा मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे.

"नाही," नकाशाबाई म्हणाल्या. "तिथंच तुमची चूक होतेय. हे तुमच्याबद्दल नाहीच. जो माणूस घाटानं सहज जाऊ शकतो, तो वर्षानुवर्षं जेवणवेळेपर्यंत वळसा का घालतो? जीप जुनी झाली आता, पण एके काळी ती नवी होती. आणि जो माणूस स्वतःच्या घरात कधी कुंड्यांना पाणी घालत नाही, पाहुण्यांचा चहा निवेपर्यंत गॅलरीच्या उंबऱ्यावर उभा राहतो, पण पाऊल बाहेर टाकत नाही, त्याला कशाची भीती वाटत असेल?"

जावईबापूंना आता तो ट्रे आठवला. डॉक्टरांची बोटं कडेला किती घट्ट रुतली होती, तेही. पाहुणचाराचे गुण त्यांनी मनातल्या मनात वाढवून दिले.

"पोटात खड्डा पडतो," डॉक्टर अखेर म्हणाले. त्यांची नजर कापडावर होती. "लहानपणापासून. उधळलेल्या बैलापुढे उभा राहीन मी. पण कडेला नुसती दरी दिसली की हातपाय माझे राहत नाहीत. हिला कसं सांगू? ही या वयात गाडी शिकली, घाट चढायला निघाली, आणि मी शेजारी बसून डोळे मिटणार? मला वाटलं, रस्ता बदललेला हिला कळणारही नाही. ही गाडी चालवत असताना म्हणालो असतो, इथून वळ, हा चांगला आहे."

"मला कळणार नाही?" शिवणवाल्या बाई म्हणाल्या. "माझ्या कापडावर?"

"शिवताना वाटलं होतं, बरा जमलाय."

नणंदबाईंना हसू आवरेना. शिवणवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. "मला वाटलं, माझ्या हातांवर विश्वास नाही कुणाचा."

"तुझ्या हातांवर आहे गं. माझ्या पोटावर नाही."

त्यांनी उसवलेल्या घाटाच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग नकाशाबाईंना म्हणाल्या, "पण मला घाट हवाच आहे. त्याच्यासाठीच तर शिकले."

"मग घ्या की," नकाशाबाईंनी कापड सुलटं केलं. "तुम्हीच सांगितलंत, हा घाट डोंगराच्या एकाच अंगाला बिलगून जातो. चढताना शेजारच्या सीटच्या बाजूला दरी. आता सांगा, उतरताना त्या बाजूला काय असेल?"

प्रश्न साऱ्या वर्गाला होता. उत्तर डॉक्टरांनी दिलं, पुढच्या बाकावरच्या मुलासारखं.

"डोंगर."

"हात लावता येईल इतका जवळ. म्हणजे जाताना डॉक्टरांच्या रस्त्यानं मागून जायचं, येताना बाईंच्या घाटानं उतरायचं. सफर तीच, फक्त उलटी फिरवायची. मुक्कामाच्या लोकांना फोन करून दिवस तेवढे बदलून घ्या."

शिवणवाल्या बाईंनी टोपली ओढली. चष्मा लावला, लाल दोरा ओवला आणि रिकाम्या भोकांवरून घाट पुन्हा भरायला लागल्या, पण या खेपेला किल्ल्याकडून पुलाकडे. डॉक्टर शेजारी बसून पाहत होते.

"उतरताना दरी तुझ्या बाजूला येईल ना?" त्यांनी विचारलं.

"येऊ दे. मला बघायचीच आहे ती."

घाट भरून झाल्यावर त्यांनी कापड उलटलं. एका अंगाला त्यांची वाहती शिवण, दुसऱ्या अंगाला ती गाठींची रांग, टोकं वर करून उभी.

"आणि हे टाके कधी काढायचे, डॉक्टर?"

"जखम भरली की."

त्यांनी कात्री उचलली, क्षणभर टोकांपाशी धरली आणि परत टोपलीत टाकली.

"राहू देत," त्या म्हणाल्या. "घरी परत आले की वरून पक्की शिलाई मारीन. आता चावी कुठंय?"