घरी राहिलेली किल्ली

"मुलाची पत्रं येतात, पण फोन काही उचलत नाही. जीव टांगणीला लागलाय हो, लवकर या!" फोनवरचा तो आवाज ऐकून इन्स्पेक्टर बाई जिना चढून आल्या.

मुलगा जहाजावर इंजिनिअर. आईने संगणक पुढे ओढला. प्रत्येक ईमेलखाली हिरवी खूण होती: सही खरी आहे.

"ही सही दुसऱ्या कुणाला करता येईल?"

"छे! त्याची खासगी किल्ली लागते, म्हणजे संगणकातली गुप्त फाइल, परवलीच्या वाक्यानं उघडणारी. सुट्टीत इथेच बसून त्यानं दोघांच्या किल्ल्या बनवल्या, मला शिकवलं. मी अगदीच ढ. ते वाक्य तो मोठ्यानं म्हणत टाइप करायचा. ह्यांची नि माझी हसून हसून पुरेवाट."

"काका, तुम्हाला येतं यातलं?"

"ओ की ठो कळत नाही," दाराशी उभे असलेले वडील म्हणाले.

बाईंनी कालचं पत्र पुन्हा वाचलं. 'आई, गुडघा शेकतेस ना?'

"गुडघ्याला काय झालं, मावशी?"

"परवा न्हाणीघरात घसरले."

"त्याला कळवलंत?"

"नाही बाई. तिकडे त्याच्या जिवाला घोर कशाला?"

बाईंना पुढचं बोलणं नकोसं झालं. पण बोलणं भाग होतं.

"सही खरी, म्हणजे त्याची किल्ली वापरलीय, एवढंच. त्यानं नक्कल सोबत नेली असणार, मूळ किल्ली याच संगणकावर राहिली. नवशिके हमखास चुकतात तिथे. त्याचं ईमेलही इथे उघडंच आहे. वाक्य तुम्हा दोघांनाही पाठ, आणि गुडघ्याचं फक्त या घरात माहीत." "सकाळी तुमचा फोन आल्यावर जहाजाच्या कचेरीशी बोलले मी. वादळात तो समुद्रात पडला. तो गेला, मावशी. त्यांनी घरी कळवलं होतं. फोन तुम्ही उचललात ना, काका?"

वडील आईशेजारी येऊन बसले. "सांगायला तोंड उघडायचो, तर हीच विचारायची, पत्र आलं का? मग लिहायचो."

आईने संगणकावरच्या पत्रांच्या यादीवर बोट ठेवलं. "यातलं त्याचं शेवटचं कुठलं?"

सगळ्यांखाली तीच हिरवी खूण होती. वडिलांनी एक पत्र उघडलं.

'आई, माझी किल्ली घरच्या संगणकावर राहिलीय. बाबांना पुसून टाकायला सांग.'

"सांगितलं होतं मी तुम्हाला."

"तेव्हा आळस केला गं. नंतर हात धजेना."

"आता नका पुसू," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.