आसामचं पावणं

कंदिलाची वात जरा वर करा राव, आणि मधे बोलू नका. डिंगोऱ्याच्या फुलाबाईच्या रत्नदीपची ही गोष्ट. ऐकून कुणी म्हणेल, गड्याचं डोकं फिरलं असेल. म्हणू द्या.

दोन हजार एक साल, डिसेंबर महिना. कल्याणहून माळशेज घाटानं आलेली एस्टी डिंगोऱ्याच्या फाट्यावर थांबली आणि रत्नदीप पत्र्याची ट्रंक घेऊन खाली उतरला. उन्हं कलली होती. तीन दिवस रेल्वेत बसून अंग आंबलं होतं, पण गावची माती पायाला लागली आणि त्याला भरून आलं. सात वर्षं! आयटीआय करून आसामात चहाच्या कारखान्यात फिटर म्हणून गेला होता. सुट्टी मिळायची दहा दिवसांची, त्यातला आठवडा जाण्यायेण्यातच गेला असता. म्हणून येणं काही झालं नाही. पत्रं मात्र नेमानं टाकायचा. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, शेजारच्या कोंडाबाईची सून वाचून दाखवायची आणि उत्तर लिहायची. पण गेली दोन वर्षं उत्तरच नाही. आई आहे की गेली, तेही कळेना. शेवटी गडी धास्तावला, नोकरीवर पाणी सोडलं आणि गाडीत बसला. आता आईजवळ राहायचं, पुन्हा म्हणून कुठं जायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

फाट्यावर सावळेरामचं चहाचं हॉटेल. रत्नदीपला वाटलं, आता हा बघतो आणि मिठीच मारतो. सावळेरामनं नुसती मान वर केली.

"काय रत्ना, ट्रंक घिऊन कुठं निघालास?"

"निघालो नाही, आलोय! ओळखलं का?"

"न वळखायला काय झालं? काल सांजच्यालाच हितनं गेलास की. लई गमती करतोस बाबा." आणि तो स्टोव्हला पंप मारायला लागला.

रत्नदीप हसला, पण मनात कुठंतरी टोचलं. ओढा ओलांडून तो वर आला. हापशावर कोंडाबाई हंडा भरत होती.

"मावशी," त्यानं भीत भीत विचारलं, "आई कशी आहे?"

"तिला काय धाड भरलीया? अजून सुईत दोरा ववती. तू आज लवकर आलास व्हय? रोज दिवा लावायच्या टायमाला येतोस."

आई आहे! रत्नदीपच्या छातीवरचा धोंडा उतरला. आणि मग ते पुढचं बोलणं त्याच्या कानातून आत गेलं.

"रोज?"

"आता दोन वरसं झाली की. फुलाबाई म्हणती, लेकाला जुन्नरला काम लागलंय, सांजचा जेवायला येतो." कोंडाबाईनं हापसा मारायचा थांबवला आणि आवाज खाली आणला. "पर रत्ना, एक इचारू का? येताना रोज दिसतोस तू. जाताना मातर कधी बघितला न्हाई..."

रत्नदीपनं ट्रंक उचलली आणि तो घराकडं चालायला लागला.

आसामात दिवस फार लवकर मावळतो. डिसेंबरात तर साडेचार-पाचलाच अंधार. कारखान्याचा भोंगा झाला की रत्नदीप खोलीच्या पायरीवर बसायचा, डोळे मिटायचा आणि मनानं घरी जायचा. फाटा, ओढा, हापसा, बुटकं दार. आधी डाव्या पायातली चप्पल काढायची, मग उजव्या. वाकून आत शिरायचं आणि चुलीपुढं बसून आईच्या हातची मासवडी आणि भाकरी खायची. पहिल्यांदा नुसता मनाचा चाळा होता. पण गेल्या दोन वर्षांत जिभेवर खरंच तिखट लागायला लागलं होतं आणि रात्री मेसच्या भातावर वासनाच राहायची नाही. सोबतचे म्हणायचे, हा जगतो कशावर?

चालता चालता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि तो वाटेतच उभा राहिला. आपण रोज घरी जात होतो, पण परतीची वाट एकदाही मनात आणली नव्हती. आणणार तरी कोण हो? एवढ्या लांबून घरी पोचल्यावर परत निघायचं कुणाच्या मनात येतं?

दार उघडंच होतं. वीज गेलेली, आत चिमणी तेवत होती. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली बापाचा फोटो. भूतबित सगळं झूट असतं, असं बाप त्याला लहानपणी दरडावून सांगायचा. चुलीचा धूर, भाजत्या भाकरीचा वास. त्याच वासासाठी तो सात वर्षं तळमळला होता. आई पाठमोरी बसून भाकरी थापत होती.

"आलास? बस," ती मान न वळवता म्हणाली.

सात वर्षांनी आलेल्या लेकाला नुसतं 'आलास, बस'! रत्नदीपला हुंदकाच आला.

"आई, मी आसामातून आलोय गं."

"व्हय, आन मी इलायतेतनं." ती हसत वळली. अंगानं भरलेली, चेहरा टवटवीत. एवढी सुखात तिला त्यानं कधीच पाहिली नव्हती. तिनं त्याचा हात धरला आणि तिचं हसू कमी झालं. "हात का रं एवढा गार तुझा? काल तर चांगला ऊन व्हता..."

फळीवर निळ्या आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा होता. त्याचीच पत्रं. एकही फोडलेलं नव्हतं.

"आई, ही वाचून का नाही घेतलीस?"

"रोज म्होरं बसून जेवणाऱ्या लेकाची पत्रं कशाला वाचायची? मला वाटलं, चेष्टा करतोय."

सांगून टाकावं सगळं, असं त्याला वाटलं. पण सांगणार काय? की दोन वर्षं तू कुणाला तरी भलत्यालाच जेवू घालतेयस? त्यानं तोंड उघडलं आणि तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. सावकाश, ओळखीची. दाराशी चप्पल काढल्याचा आवाज आला. आधी एक. मग दुसरी.

"आई... आलो गं."

आवाज त्याचा स्वतःचा होता.

आईचा हात तव्यावर तसाच राहिला. बुटक्या दारातून वाकून एक जण आत आला आणि सरळ उभा राहिला. तोच चेहरा, तेच खांदे, फक्त अंगावर मूठभर मांस जास्त. घरचं खाल्लेलं. त्यानं रत्नदीपकडं शांतपणे बघितलं. दचकला नाही, काही नाही.

आई एकदा याच्याकडं बघे, एकदा त्याच्याकडं. आता काय ते बोलायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता. रत्नदीपनं जिवाच्या आकांतानं आवाज काढला, आणि घात झाला. सात वर्षं दिवसरात्र जी बोली तोंडात होती, घाबरल्यावर तीच बाहेर पडली.

"ये कौन है? मेरी बात सुनो... मैं हूँ, मैं!"

आई दोन पावलं मागं सरली. दारातल्याच्या आडोशाला गेली.

"रत्ना," तिनं त्याला हळूच विचारलं, "कोण रं हे पावणं? कुठल्या मुलखातलं हाय?"

"आसामातलं हाय, आई." तो चुलीपुढं बसला आणि त्यानं ताट ओढून घेतलं. "भिऊ नको. त्याला घराची लई आठवण येती."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. परक्या लेकरासाठी यावं तसं आलं बरं का. तिनं दुसरी ताटली काढली, तिच्यावर भाकरी ठेवली आणि लांबूनच पुढं सरकवली.

"जेवून जावा हां, पावणं. तुमची पण आई वाट बघत आसंल."

त्या भाकरीला हात लावायचं धाडस रत्नदीपला झालं नाही. ट्रंक तिथंच टाकून तो अनवाणी बाहेर पडला. उतरणीवर ठेचकाळला, उठला, पुन्हा पळाला. हापशापाशी कोंडाबाई दुसऱ्या हंड्याला आली होती. तिनं कंदील वर धरला, त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"आगं बया, निघालास व्हय?" ती म्हणाली. "बरं झालं बाबा, एक तरी निघाला. मला रोज घोर लागायचा, एवढे सगळे जण फुलाबाईच्या त्या एका खोलीत निजतात तरी कसे..."